आमदाराची पोच

धावडा हे आमचं गाव भोकरदन तालुक्याच्या वरच्या कडेला. एका अंगाला अजिंठ्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बुलढाणा जिल्हा. मराठवाडा इथं संपतो अन् विदर्भ सुरू होतो. तालुक्याचं गाव लांब, जिल्ह्याचं त्याहून लांब, अन् मुंबई तर जुन्या माणसांनी नुसती ऐकलेली.

माझ्या बापानं गाव न सोडता चार राज्यं पाहिली. जन्मला तेव्हा निजाम. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, मग हैदराबाद राज्य आलं. १९५२ ला लोकांनी पहिलं मतदान केलं तेव्हा इथून निवडून गेलेला आमदार हैदराबादला जाऊन बसायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा औरंगाबादच होता, जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. एवढं सगळं झालं, पण सरकारातून गावात बातमी येण्याची वाट बदलली नाही. कोतवाल डफडं वाजवत यायचा, मारुतीच्या पारापाशी थांबायचा अन् ओरडून सांगायचा. सारा भरा. लेव्हीची ज्वारी घाला. ढोरांना डाग द्या, पोरांना देवी टोचून घ्या. सरकारला आपण काय द्यायचं ते सगळं दवंडीनं यायचं. सरकारकडून आपल्याला काय घ्यायचं आहे, याची दवंडी मी लहानपणी एकदाही ऐकली नाही.

ती खबर आणायची कुणी? माझ्या मते ते काम आमदाराचं. आपल्याकडं आमदार म्हणलं की रस्ता, सभामंडप, हायमास्टचा दिवा, लग्नातला आहेर आणि मयतीची भेट एवढंच डोळ्यापुढं येतं. पण ज्या घरात कायदा होतो त्या घरात बसणारा आपल्या भागातला माणूस तेवढा एकच. तिथं काय ठरलं, त्यात आपल्या वाट्याला काय आलं, ते मागायला कोणता कागद लागतो, हे परत येऊन सांगणं म्हणजे उपकार नव्हे. त्याला पगाराशिवाय टपालाचा, टेलिफोनचा अन् संगणक चालवणाऱ्या माणसाचा वेगळा भत्ता मिळतो. तो कशासाठी असतो?

१९७२ चा दुष्काळ मी पोरवयात पाहिला. विहिरी कोरड्या, ढोरं बाजारात मातीमोल गेलेली. माय अन् बाप खडी फोडायच्या कामावर जायचे. आम्ही पोरं झाडाखाली बसायचो अन् सुकडी वाटायला कधी येतात त्याची वाट पाहायचो. रेशनला लाल मिलो आली होती, तिची भाकर थापली की कडेनं फाटायची. माय म्हणायची, "ढोरायची ज्वारी हाये, पण पोटाला काय कळतं." १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हे मी पुढं वाचलं. आमच्या घरातली दोन त्यात होती.

बाप तेव्हा म्हणायचा, सरकारनं धर्म केला. मलाही तसंच वाटायचं. त्या कामामागं एक माणूस होता हे कळायला बरीच वर्षं गेली. त्यांचं नाव वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, संतांचे अभंग कोळून प्यालेले. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या अंगमेहनत करणाऱ्या माणसानं काम मागितलं तर सरकारनं ते दिलंच पाहिजे, हा विचार त्यांचा. असं सांगतात की एका गावाला काम द्यायला किती पैसा लागेल, याचा पहिला हिशेब त्यांनी घरी बायकोसंगं बसून मांडला. मग तासगाव तालुक्यात करून पाहिलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारनं ते उचललं, दुष्काळात सगळ्या राज्यात पसरलं, १९७७ ला विधिमंडळानं त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. रोजगार हमी. पुढं २००६ पासून देशभर जी रोजगार हमी आली तिची माय ही आपली महाराष्ट्रातली.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. तुमच्या पगारातून महिन्याला २०० रुपये अन् फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात ना? तो कर १९७५ साली लावला तो या रोजगार हमीच्या कामांसाठी. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मला वाटलं हा पगाराचा कायतरी दंड हाये." म्हणजे देणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

तर कायदा झाला, पण तो धावड्यात यायला वेळ लागला. १९८० नंतरचा एक उन्हाळा मला नीट आठवतो. मी दहावी होऊन शेतीत पडलो होतो. पाऊस दगा देऊन गेलेला, रानात काम नाही. आमचे तात्या, म्हणजे बापाचे चुलतभाऊ, भोकरदनच्या बाजाराला गेले होते. तिथं शेजारच्या मतदारसंघातल्या एका आमदाराची सभा चालली होती. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की वाचणारा आधी पक्ष बघतो. सभेत छापील पत्रक वाटत होते. पिवळट कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. ते पत्रक तात्यांनी बंडीच्या खिशात घालून आणलं अन् माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, "वाच. सावकाश वाच."

त्यात आमदाराचा फोटो नव्हता, हे मला आजही नवल वाटतं. कायदा होता. काम मागणारे निदान ५० मजूर असले तर काम काढता येतं. अर्ज लेखी द्यायचा. अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, तो दिवसाला १ रुपयाहून कमी नाही. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात, "अर्जाची तारीखवार पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका."

आता बघा, यातली १५ दिवसांची अट तेवढी कळली असती अन् ५० माणसांची कळली नसती तर काय झालं असतं? चारदोन जण गेले असते अन् हात हलवत परत आले असते. आणि सगळं कळूनही पोच घेतली नसती तर १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्धी खबर माणसाला तालुक्याला हेलपाटे घालायला लावते. दुसरं असं की हा कायदा एकट्या शहाण्या माणसाच्या कामाचा नव्हता. मला माहीत आहे अन् मी गप बसलो, असं करून भागत नव्हतं. पन्नास जणांना सांगावंच लागत होतं.

तात्यांनी अन् मी चार दिवस दारोदार फिरून नावं गोळा केली. सोपं नव्हतं. काही म्हणाले, पाटलाचं तोंड पाहायचंय आपल्याला, अर्जावर अंगठा कशाला? काहींना वाटलं, नाव दिलं की जमीन जाईल. एका म्हातारीनं विचारलं, "काहून रे बाबा, काम मागायला बी कागद लागतो का आता?" दलितवस्तीतून मात्र एका संध्याकाळी बावीस नावं मिळाली. कायद्याचा कागद म्हणजे काय असतो, हे त्या वस्तीला आमच्या आळीपेक्षा आधी कळलेलं होतं. एकूण ६३ नावं झाली. अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, अन् दहावीचा त्यावेळी तेवढा एक उपयोग झाला.

अर्ज घेणारा साहेब आधी म्हणाला, ठेवून जा. पोच मागितली तर म्हणाला, शिक्का नाही. बाप संगं होता. निजामाच्या अमदानीत वाढलेला माणूस, अर्जाला दरखास्त म्हणायचा अन् पोचेला रसीद. तो ओट्यावर फतकल मारून बसला अन् म्हणाला, "दरखास्त देल्ली तं रसीद पाहिजे साहेब. शिक्का येस्तोवर मी बसतो." दुपार कलली तेव्हा शिक्का सापडला.

काम निघालं नालाबांधाचं. टिकाव, फावडं, घमेलं घेऊन सगळी आळी नाल्यात. मुकादम टेप लावून खड्डा मोजायचा, त्यावर मजुरी. तो बांध अजून आहे. गाळानं भरलाय, पण त्याच्या खालच्या दोन विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी राहतं.

मजुरी मात्र अडकली. एक पंधरवडा, दोन पंधरवडे, पुढं महिने. कोणत्या खात्याकडं होती ते आता काढत नाही. तात्यांनी पंधरा पैशांचं कार्ड नव्हे, चांगलं आंतरदेशीय घेतलं अन् त्या पत्रकवाल्या आमदाराला लिहिलं. आपल्या मतदारसंघाचा नसला म्हणून काय झालं, सभागृहातला आमदार साऱ्या राज्याचा प्रश्न विचारू शकतो. बरेच महिने काही नाही. मग एक दिवस पोस्टमनानं लांब पाकीट आणलं. आत विधानसभेचा छापील प्रश्न अन् त्याचं उत्तर. तारांकित प्रश्न. त्यात आमच्या भागाचा उल्लेख, भोकरदन तालुक्याचं नाव, अन् खाली विचारलेलं, मजुरांची मजुरी थकली हे खरे आहे काय.

हे कागद ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो, त्याची भाषा ठरलेली असते. आमदार विचारतो, "हे खरे आहे काय?" मंत्र्याचं उत्तर येतं, "होय", किंवा "नाही", किंवा "अंशतः खरे आहे". शेवटी असतं, असल्यास काय कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. अन् पुष्कळदा त्याच्यापुढं, "प्रश्न उद्भवत नाही."

आमचं उत्तर होतं, अंशतः खरे आहे. पारावर मी ते मोठ्यानं वाचलं. लोकांना अंशतः म्हणजे काय ते कळेना. मी म्हणालो, थोडं खरं. तीच मघाची म्हातारी म्हणाली, "थोडं म्हणजे मंग थोडी मजुरी तरी द्या म्हणावं." सगळे हसले. पण महिन्याच्या आत सगळी मजुरी वाटली. प्रश्न विधानसभेत गेल्यावर उत्तर तयार करायला खालून वरपर्यंत प्रत्येक टेबलाला कागद फिरवावा लागतो, अन् त्यात दडपलेलं उघडं पडतं, ही त्यातली गोम.

मला त्या पाकिटाचं अप्रूप मजुरीपेक्षा जास्त वाटलं. आपण लिहिलेलं पत्र मुंबईला गेलं, तिथं कुणी उभं राहून विचारलं, सरकारला उत्तर द्यावं लागलं, अन् ते उत्तर परत धावड्यात आलं. ही चक्कर पूर्ण होणं म्हणजे लोकशाही, असं शाळेत नागरिकशास्त्राच्या गुरुजींनी सांगितलं असेल, पण पुस्तकात ते पाकीट नव्हतं.

अशी चक्कर पूर्ण करणारे आमदार आपल्या राज्यात होऊन गेले. आमच्या मराठवाड्यात कंधारचे केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे. मन्याड खोऱ्यातला हा माणूस विधानसभेत गुराख्यांचं बोलायचा, आपल्या बोलीत बोलायचा अन् कंधारहून 'जय क्रांती' नावाचं साप्ताहिक चालवायचा. १ जानेवारी २०२३ ला शंभरी ओलांडून गेले. तिकडं सांगोल्याचे गणपतराव देशमुख, ११ वेळा निवडून आले, एसटीनं प्रवास करायचे. आमदार एसटीत बसला तर सांगोल्यापर्यंत त्याला किती जणांशी बोलावं लागत असेल याचा विचार करा. काच वर करून घ्यायची सोयच नाही. लोक त्यांच्या साधेपणाचं कौतुक करतात, मला त्या सीटवरच्या गप्पांचं मोल जास्त वाटतं.

आमच्याकडं तर गंमतच आहे. पक्ष बदलतो, आडनाव बहुतेक वेळा बदलत नाही. १९७७ ला अन् १९८९ ला जालन्याचे खासदार झाले पुंडलिक हरी दानवे. १९९० अन् १९९५ ला भोकरदनचे आमदार रावसाहेब दानवे, ते १९९९ पासून २०२४ पर्यंत खासदार. पुढं राष्ट्रवादीचे चंद्रकांत दानवे आमदार. २०१४ पासून संतोष दानवे. पाव्हणे विचारतात, तुमच्याकडं निवडणूक दानवे विरुद्ध कोण? आम्ही म्हणतो, दानवेच. मी इथं कुणाच्या बाजूनं बोलायला बसलो नाही. ज्याचं मत त्याच्यापाशी.

बोलायचं आहे ते आमदार अन् गाव यांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाबद्दल. पक्ष कोणताही असो, हा माणूस सगळीकडं एकच. पांढरे कपडे, खिशात दोन मोबाईल. त्याला योजना आधी कळते अन् तो ती थोडी थोडी सोडतो. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. तिशीत रांडाव झाल्या, तीन लेकरं, शेत नाही. संजय गांधी निराधार योजना १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, सुरू झाली. काकूंना ती कळली सतरा-अठरा वर्षांनी, तीही माहेरच्या गावात एका बाईकडून. इथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं नाव घालतो साहेबाच्या यादीत, पण आपल्या माणसाकडं लक्ष ठेवा." म्हणजे कायद्यानं मिळणारा पैसा त्याच्या मेहरबानीचा झाला. काकू मरेपर्यंत त्या पैशाला "साहेबानं चालू केलेलं" म्हणायच्या. उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अन् तहसीलमधला अर्ज, एवढीच बाब होती. दोन ओळींचं पत्रक लागलं असतं.

खबर न सांगण्याचा आणखी एक प्रकार आम्ही २००६ साली पाहिला. आमच्या सोयरिकी धाड-चांडोळकडं, बुलढाणा जिल्ह्यात. त्या साली जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले अन् सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर झालं, ३७५० कोटींचं. त्यात बुलढाणा होता. थकलेल्या कर्जावरचं व्याज तिकडं माफ झालं. इकडं जालना जिल्ह्यात नाही. माझ्या साडूचं रान अन् माझं रान, पाऊस तोच, माती तीच, कपाशीवरची अळीसुद्धा तीच. त्याचं व्याज माफ अन् माझं चालू. गावातले लोक हवालदिल झाले. कुणी म्हणे आपलंही होणार, भरू नका. कुणी म्हणे भरलं नाही तर जप्ती येणार. बऱ्याच जणांनी वाट पाहत एक वर्ष हप्ता भरला नाही अन् व्याज अंगावर चढवून घेतलं. कुणीतरी पारावर येऊन स्पष्ट सांगायला हवं होतं की बाबांनो, हे पॅकेज शेतकरी आत्महत्या जास्त झालेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचं आहे, आपलं नाव त्यात नाही, मी भांडतोय पण तोवर हिशेबानं वागा. हे सांगायला लोकप्रतिनिधीला अवघड जातं. 'मिळालं' सांगायला सगळे येतात, 'नाही मिळालं' सांगायला कुणी येत नाही. खरं तर नाहीची खबर वेळेवर मिळाली तर शेतकऱ्याचा जास्त फायदा.

अन् २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा पाच एकरांच्या आतल्यांना सगळी, वरच्यांना एकरकमी भरलं तर चौथा हिस्सा सूट. ज्यांनी मुदतीत भरलं होतं ते कोरडे. त्याची चर्चा अजून पारावर होते, ती इथं काढली तर हा लेख संपणार नाही.

आता डफडं गेलं, मोबाईल आला. आमदारांच्या ऑफिसचे, पक्षांचे, गावचे असे व्हॉट्सॲपचे पाच-सहा ग्रुप प्रत्येकाच्या फोनवर आहेत. सकाळी उघडला की शंभर मेसेज. वाढदिवसाचे बॅनर, भूमिपूजनाचे फोटो, श्रद्धांजली, परत वाढदिवस. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. त्यातला आपल्या गावात किती आला, कोणत्या कामाला, ठेकेदार कोण, हे त्या शंभरात शोधून दाखवा. २००५ चा माहितीचा अधिकार आहे म्हणून अर्ज करता येतो, मी दोनदा केला, दोन्ही वेळा माहिती मिळाली. ती मी ग्रामसभेत वाचली. पण जे ग्रुपवर फोटोसंगं टाकता आलं असतं ते अर्ज करून का मागावं लागलं, हे मला कळलेलं नाही.

तरी त्या ढिगातही कधी कामाचं सापडतं. गेल्या वर्षाआधीच्या ऑक्टोबरात मकाची कणसं सोंगून रानात पडली होती अन् रात्रीतून पाऊस झाला. सगळं भिजलं. सकाळी शेजारचा पोरगा, बारावीतला, माझ्याकडं पळत आला. ग्रुपवर दोन बॅनरांच्या मधे एक साधा मेसेज होता. कुणी टाकला ते कळलं नाही, बहुतेक ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं. पीक विमा भरलेल्यांनी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची, फोटो रानात उभं राहून काढायचे, तक्रारीचा नंबर जपून ठेवायचा. बस, एवढंच. त्या पिवळट पत्रकाची आठवण झाली मला.

पोरगा अन् मी दिवसभर चिखलातून फिरलो. ज्यांच्याकडं साधा फोन त्यांची नोंद पोराच्या फोनवरून केली. रेंज डोंगराच्या बाजूनं येत नव्हती, तर बाभळीच्या बांधावर चढून एकेकाचं नाव घातलं. अंधार पडेपर्यंत आमच्या शिवारातली १९ नावं गेली. प्रत्येकाचा नंबर मी त्याच्या त्याच्या पासबुकाच्या मागच्या पानावर पेनानं लिहून दिला अन् तारीख घातली. त्यातल्या १६ जणांचे पैसे खात्यात आले. तिघांच्या अर्जावर लिहून आलंय की सूचना मुदतीत मिळाली नाही. नंबर आणि तारीख आमच्यापाशी आहे. तिघांनाही घेऊन येत्या सोमवारी भोकरदनला जायचं ठरलंय.